कुंभाराचं गाढव आणि पोटातला अल्सर

मडकं घडण्याआधी माती असते, चाक असतं, चाक फिरवणारा दांडा असतो, कुंभार असतो आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. यांतलं मडक्याचं कारण कोणतं, हा न्यायशास्त्राचा जुना प्रश्न. एखादी गोष्ट कार्याच्या आधी हजर होती, एवढ्याने ती कारण ठरत नाही. जिच्यावाचून कार्य अडत नाही ती ‘अन्यथासिद्ध’. माती डोक्यावरूनही आणता आली असती, म्हणून गाढव कारणांत मोजायचं नाही. हा दाखला रुग्णाच्या खाटेपाशी आणला की त्याला नैतिक वजन येतं. विसाव्या शतकात बराच काळ अल्सरच्या रुग्णाला हेच ऐकावं लागलं, की तुम्ही फार काळजी करता, तिखट खाता, चिडता. या निदानात ठपका होता. आजाराचं खोटं कारण मानलं की आजारी माणसावर अन्याय होतो, आणि म्हणून कारणाचा शोध हा धर्माचाही प्रश्न आहे, असं मला वाटतं.

1979 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या अस्तराच्या तुकड्यांवर वाकडे जिवाणू दिसले. जठरातल्या आम्लात जंतू टिकत नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर 1981 मध्ये त्यांना येऊन मिळाला. जिवाणू वाढवण्यासाठी ठेवलेल्या बशा दोन दिवसांत काही उगवलं नाही की टाकून दिल्या जात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जिवाणूंच्या वसाहती दिसल्या. याच जिवाणूला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. तो युरियापासून अमोनिया तयार करतो, त्याने भोवतालचं आम्ल मारतो आणि अस्तरावरच्या बुळबुळीत थरात घर करतो. 1984 मध्ये मार्शलने हे जिवाणू स्वतः प्यायले. त्याला अल्सर झाला नाही, पण जठराला सूज आली आणि सुजलेल्या अस्तरात तेच जिवाणू सापडले.

कारण सिद्ध करायला नुसता अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही लागतो: ते असेल तर कार्य होतं, आणि ते काढून घेतलं तर होत नाही. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी व्रण भरत असे, पण गोळ्या थांबल्या की अनेकांना तो पुन्हा होई. प्रतिजैविकांनी जिवाणूच नाहीसा केला, तेव्हा बहुतेकांच्या पोटात तो परतला नाही. स्वभाव तोच, संसाराची काळजी तीच, फक्त जिवाणू गेला होता. 1994 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञसभेने अशा रुग्णांना प्रतिजैविकं द्यावीत असं सांगितलं, आणि 2005 मध्ये वॉरन-मार्शल यांना नोबेल मिळालं.

यावर सबळ आक्षेप आहेत. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात हा जिवाणू राहत आला आहे, तरी बहुतेकांना अल्सर होत नाही. मग तो कारण कसा? पण नुसत्या मातीचंही मडकं होत नाही. कार्याला सगळी कारणसामग्री जुळावी लागते. जिवाणूची जात, माणसाच्या शरीराची घडण, धूम्रपान हे सारं त्या सामग्रीत येतं. जिवाणूशिवायही अल्सर होतो, विशेषतः ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे. एकाच कार्याला दोन वाटा असू शकतात. सर्वांत गंभीर आक्षेप मनाच्या ताणाचा. 1995 च्या कोबे भूकंपानंतर तिथे रक्तस्राव होणाऱ्या अल्सरचे रुग्ण वाढले होते. तेव्हा ताणाला सरसकट गाढव ठरवता येणार नाही, काही वेळा तो चाक फिरवणारा दांडा असतो. पण ज्याचं घर भूकंपात कोसळलं, त्याला कोणी ‘तू काळजी का केलीस’ असं विचारेल का? ताण कारणांत बसला, तरी तो दोष होत नाही.

उरतो कर्माचा आक्षेप: दुःख आलं, तर त्यामागे काही कर्म असणारच. स्वतःचं दुःख सोसताना ज्याला या श्रद्धेचा आधार वाटतो, त्याच्याशी माझा वाद नाही. पण दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब मांडण्याचा अधिकार ही श्रद्धा कोणालाच देत नाही. शिवाय हा संसर्ग बहुधा लहानपणीच होतो, दाटीवाटीच्या घरात, घरच्यांकडूनच किंवा अस्वच्छ पाण्यातून. चाळिशीत पोट धरून बसलेल्या माणसाला आपण त्याचा स्वभाव सांगतो, तेव्हा पाच वर्षांच्या पोराने प्यायलेल्या पाण्याचा जाब त्याला विचारत असतो. त्याला हवी असते जिवाणूची तपासणी आणि सुमारे दोन आठवड्यांची औषधं, आणि त्याच्या मुलांना हवं असतं स्वच्छ पाणी. हे द्यायचं सोडून उपदेश करणं म्हणजे मडक्याला तडा गेला म्हणून गाढवाला बडवणं. इथे तर तो मार आजारी माणसाच्या पाठीवर बसतो.