उतार बघून गाडी घे

सोयगाव,
तुळशीचं लग्न झाल्यानंतरचा सोमवार

चि. भाचेबुवांस,


तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले गाडीचे फोटो पाहिले. एकूण अकरा. नऊ बाहेरून, एक स्टिअरिंगचा आणि एक तुझा, गाडीला टेकून. गाडीच्या खालचा एकही नाही. फोनवर काही सांगितलं की तू ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि फोन ठेवला की विसरतोस, म्हणून या वेळी लिहून देतो आहे. गाडी बघायला संभाजीनगरला जाशील तेव्हा कागद खिशात असू दे.

आधी तुझी गरज नीट मांडू. रोजचं बनोटी-सोयगाव, मधूनच पाचोऱ्याला सिमेंट-सळई आणायला, हंगामात घरचा कापूस न्यायला. आणि स्लॅबचं काम लागलं की मागे मिक्सर मशीन. कामं तुला आता घाटावरही मिळायला लागलीत, उंडणगावपर्यंत. म्हणजे गाडी रोजची पण हवी आणि ओढणारी पण हवी. तू मला विचारलंस, ‘ओढेल ना?’ सगळे हाच प्रश्न विचारतात. मीही एकदा हाच विचारून गाडी घेतली होती.

ती गोष्ट तुला आक्कानं अर्धीच सांगितली असेल. उंडणगावला स्लॅब होता. सकाळी मिक्सर मागे लावून मी हळद्याचा घाट चढलो, दुसऱ्या गिअरवर, एकदाही न थांबता. मला वाटलं, जिंकलो. रात्री काम आटोपून परत निघालो तेव्हा हौदा रिकामा होता, सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या गाडीत गेल्या होत्या. उतार लागला आणि मिक्सर मागून ढकलायला लागलं. मिक्सरला स्वतःचा ब्रेक नसतो, बाळा. जे काही थांबवायचं ते पुढच्या गाडीनं. मी तिसऱ्यावरच होतो आणि पाय ब्रेकवरून काढायला तयार नव्हतो. दोन वळणांनंतर लायनर जळाल्याचा वास आला. चौथ्या वळणाला पेडल स्पंजासारखं खाली गेलं, कारण ब्रेक ऑइलला उकळी फुटली होती. खालचा गिअर टाकायला गेलो तर पडेना. शेवटी वेताळवाडीच्या किल्ल्याच्या अलीकडे डोंगराच्या बाजूच्या नालीत डावी चाकं घातली आणि थांबलो. हुकाची पिन केळीसारखी वाकली होती. दुसरी बाजू दरीची होती, एवढं तुला माहीत आहेच.

चढताना इंजिनची परीक्षा होते, उतरताना सगळ्या गाडीची. म्हणून गाडी उतार बघून घ्यायची. तुझं मिक्सर किती किलोचं आहे, सांगता येईल तुला? नाही ना. उद्याच्या उद्या वजनकाट्यावर घाल. लिफ्टवालं असेल तर टनाच्या आगेमागे भरेल. तो आकडा माहीत नसताना गाडी बघायला जाणं म्हणजे माप न घेता कपडे शिवायला टाकण्यासारखं आहे.

आता गाड्या. छोट्या हत्तीचा मोह सोड. गल्लीबोळात भाजीपाल्याला त्याच्यासारखी गाडी नाही, पण मिक्सर त्याच्या अंगाबाहेरचं. दोस्त चांगली, सपाटीवर माल वाहायला चांगलीच. इंजिन मात्र तीन सिलिंडरचं, दीड लिटरच्या आत. आपल्याकडे बोलेरो पिकअप दर दहा घरांमागे का दिसते, त्याचं कारण तिचं रूप नाही. 2523 सीसीचं चार सिलिंडर इंजिन आणि शेंदुर्णीपासून सिल्लोडपर्यंत कुठल्याही गॅरेजात तिचा पार्ट मिळतो, हे कारण. योद्धाही हाडाची मजबूत आहे. घ्यायची तर आधी जवळच्या कोणत्या मिस्त्रीचा तिच्यावर हात बसलेला आहे ते विचार. व्ही-क्रॉस तुला आवडते हे मला ठाऊक आहे, पांढऱ्या पाटीवर मिळते, ओढतेही झकास. पण तिचा एखादा सेन्सर गेला तर तू बनोटीत आणि पार्ट कुठल्या कुठे.

माझं मत विचारशील तर बोलेरो कॅम्पर बघ. डबल केबिनची. हौदा लहान पडेल, वजन टनभरच टाकता येईल, पण मागच्या सीटवर माणसं बसतील. हे मी मुद्दाम लिहितो आहे. स्लॅबच्या दिवशी मजुरांना हौद्यात, मिक्सरच्या पुढे, फावडी-घमेल्यांसोबत बसवायची आपल्याकडची रीत तुझ्या गाडीत नको. मालगाडीच्या हौद्यात बसलेल्या माणसाला काही झालं तर विमा कंपनीच्या दारात तू कसा उभा राहशील, आणि त्याच्या बायकोच्या दारात कसा, याचा विचार कर.

कोणत्या सालची घ्यावी यावर गॅरेजात रोज भांडणं होतात. देशभर 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. जुनी बीएस-3 साध्या पंपाची, हातोडी-पान्यानं सुधरणारी, पण आता वयानं थकलेली. बीएस-6 ला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब, गरम, एका दमात पळावी लागते. घर ते शेत, शेत ते घर अशी पाच-पाच किलोमीटर चालवलीस तर जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडी दम टाकते आणि खर्च मोठा निघतो. तुझं धावणं मधूनमधून पाचोऱ्यापर्यंत असतं, तेव्हा तुला चालेल. पण तो दिवा पेटलेला दिसला आणि विकणारा म्हणाला ‘वायरिंगचा आहे’, तर चहा पिऊन निघ. बीएस-4 मध्ये 2018-19 ची, एका हातातली मिळाली तर मी डोळे झाकून नाही, पण अर्धे झाकून हो म्हणेन. आणि बीएस-4 असून नोंदणी 2020 च्या एप्रिलनंतरची दिसली तर कागदात काहीतरी शिजलं आहे असं समज.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि येतोय म्हणून सांगू नकोस. आधी बॉनेटवर तळहात ठेव. गरम लागलं तर त्यांनी ती तुझ्यासाठी आधीच उठवून ठेवली आहे. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, लाजायचं नाही. थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागलं पाहिजे. चालू असतानाच ऑइलचं झाकण उघडून भोकावर हात धर. बारीक वाफ ठीक. चिलमीसारखे धुराचे लोट येऊन झाकण थडथड उडायला लागलं तर ते बॅक कॉम्प्रेशन, इंजिन काम मागतंय. धूर निळा म्हणजे ऑइल खाते. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी, म्हणजे हेड गॅस्केट. मीटरवरच्या आकड्याला फार मान देऊ नकोस. 60,000 दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर कोण खोटं बोलतंय ते कळतं.

मग शर्ट काढ आणि खाली शिर. चेसिसच्या दोन्ही दांड्यांवरून पुढून मागे हात फिरव. वेल्डिंगची गाठ, नंतर ठोकलेली पट्टी, नुकताच मारलेला काळा रंग यातलं काही लागलं तर विचार. पाटे सरळ झालेत का बघ. ज्यादा पाटा घातलेला दिसला तर गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चालली आहे. हौद्याच्या सांध्यात नखानं खरवड. बारीक रेती निघाली तर गाडी वाळूवर होती, आणि मग दोन गोष्टी: एक, क्लचपासून क्राऊन-पिनियनपर्यंत सगळं दमलेलं असणार, दोन, कधी पकडली गेली होती का आणि तहसीलचा दंड बाकी आहे का, हे ती ज्या तालुक्यात चालली तिथे चौकशी करून घ्यायचं. मिरचीची गाडी असेल तर वासावरून कळेल. ती चालते. मिरची वजनाला हलकी, फक्त पळते रात्रीची.

मागचा हूक बंपरला वेल्डिंग केलेला असेल तर तो हूक नाही, दागिना आहे. चेसिसच्या दोन्ही दांड्यांना बोल्टनं आवळलेला हवा. मागच्या एक्सलवरून एक छोटी दांडी वर एका व्हॉल्व्हला जाते, वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करायला. ती सुटलेली किंवा तारेनं बांधलेली असेल तर बसवून घ्यायची, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर आधी लॉक होतील.

चालवून बघायला ते तुला जालना रोडवर सपाटीनं नेतील. तू हर्सूलच्या पुढे चौका घाटात ने. हौद्यात दहा-बारा गोण्या टाकायला सांग, नाही म्हणाले तर त्यातच उत्तर आलं. चढताना चौथ्यावर दाब दिला की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपली. उतरताना दुसरा गिअर टाक आणि दोन्ही पाय मोकळे ठेव. इंजिननं गाडी धरली पाहिजे. गिअर आपोआप न्यूट्रलला उडाला तर तिथेच गाडी वळव आणि किल्ली परत दे. मिक्सर मागे असताना हा गिअर हाच तुझा खरा ब्रेक.

कागदांचं थोडक्यात, कारण ते तुझे वडील माझ्यापेक्षा नीट बघतील. आरसीवर बोजा आहे का बघा. असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. एमएच-19 किंवा एमएच-28 ची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागेल. दिल्ली, हरियाणाच्या पाटीची स्वस्त डिझेल गाडी दाखवतील. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेलला बंदी आली होती म्हणून ती इकडे आलेली असते, आणि इथला टॅक्स, नवीन नोंदणी यांत तो स्वस्तपणा विरघळतो. पिवळ्या पाटीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी, आणि आठ वर्षांनंतर आपल्या राज्यात पर्यावरण कर. ई-चलन बाकी किती ते मोबाइलवर बघ. घेतल्यावर 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज टाक. तुझ्या लायसन्सची काळजी नको: एलएमव्ही लायसन्सवर 7500 किलोच्या आतली मालगाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टानं 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायाधीशांच्या निकालानं पक्कं केलं आहे. मागे ओढायचं ते मात्र वेगळं. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा वाहनच आहे, त्याची नोंद स्वतंत्र. विम्याच्या माणसाला ‘मागे मिक्सर लावणार आहे’ हे स्पष्ट सांग आणि तो काय म्हणतो ते लेखी घे.

ओढायचं कसं, ते मी समोर दाखवीन. पण चार गोष्टी आत्ताच. मिक्सरची दांडी हुकात टाकण्याआधी हातानं उचलून बघ. अगदी हलकी उचलली तर वजन मागे आहे आणि रस्त्यावर ते शेपटीसारखं हलेल. पिनेला क्लिप आणि शिवाय एक जाड साखळी, चेसिसला. हौदा कधी रिकामा ठेवू नकोस. सेंट्रिंगच्या प्लेटा आपल्याच गाडीत, मागच्या चाकांच्या वर. त्या रात्री माझं तेच चुकलं होतं. आणि रात्री ओढूच नकोस. मिक्सरला मागे दिवा नसतो आणि आपल्या रस्त्यावर मोटारसायकलवाला तो नसलेला दिवा शोधत येत नाही.

ठरवलेल्या रकमेतले 50,000 बाजूला ठेव, गाडीच्या किमतीत धरू नकोस. घेतल्या घेतल्या सगळे लायनर, ब्रेक ऑइल, क्लच आणि मागचे दोन टायर. रिमोल्ड नाही, नवे. म्युझिक सिस्टिम तुझ्या मामीच्या मते सगळ्यात शेवटी, माझ्या मते त्याच्याही नंतर.

रविवारी मी पहिल्या एसटीनं संभाजीनगरला येतो. साडेनऊपर्यंत हर्सूलला उभा राहा. टॉर्च आणि जुना शर्ट घेऊन ये, साखळी माझ्याकडे आहे. तोपर्यंत कोणालाही इसार देऊ नकोस, पाचशे रुपयेसुद्धा.

आक्काला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा