पडलेलें घर : अनुग्रह कीं देणें?

सरकारी कागदांतील एका शब्दानें आमचें मन पुष्कळ दिवस अडवून धरिलें आहे. पुरांत, वादळांत किंवा अन्य आपत्तींत कोणाचें घर गेलें म्हणजे त्यास जी रक्कम मिळते तिला ‘सानुग्रह अनुदान’ असें म्हणतात. आमच्या मंडळ्यांतील लोकांच्या कानीं अनुग्रह हा शब्द प्रथम पडतो तो कचेरींत नव्हे, उपासनामंदिरांत. ज्यावर आपला कांहीं हक्क नाहीं, ज्याचें मोल आपण देऊं शकत नाहीं, जें देणाऱ्याच्या केवळ प्रीतीनें मिळतें तो अनुग्रह, हें आमचीं शब्बाथशाळेंतलीं मुलेंहि सांगतील. मग पडलेल्या भिंतीबद्दल तहसील कचेरींतून जे पैसे येतात ते त्याच अर्थानें अनुग्रह आहेत काय? घेणाऱ्यानें ते मान खालीं घालून घ्यावे, कीं आपलें येणें म्हणून मागावे?

प्रश्न रिकामपणाचा नाहीं. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मध्यप्रदेशांत अतिवृष्टि होऊन शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवर धरणाचें पाणी वैनगंगेंत सोडण्यांत आलें. बालाघाटकडून तें पाणी गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवर आलें आणि नदीकांठच्या गांवांत शिरलें. पुढें भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांवरहि तोच प्रसंग आला, आणि गोसीखुर्दचे ३३ दरवाजे सर्वच्या सर्व उघडावे लागले. रोगाच्या सांथीमुळें लोकांस घरांतच राहा असें सांगितलें होतें, आणि कित्येकांस तर घरच उरलें नाहीं. रोवणी आटपून धान बांध्यांत उभें होतें, तें गाळाखालीं गेलें. कांठच्या लोकांनीं जें पाणी पाहिलें तें केवळ त्यांच्या गांवीं पडलेल्या पावसाचें नव्हतें. त्यांतील मोठा वांटा दुसऱ्या राज्यांतून, मनुष्याच्या हातानें उघडलेल्या दारांतून आलेला होता. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

आमच्या भागांतलें गरिबाचें घर म्हणजे मातीच्या भिंती, वर लांकडी वासे आणि कवेलू. अशा भिंतीच्या पायास पाणी लागलें कीं ती लागलीच पडते असें नाहीं. ती पाणी पिते, फुगते, आणि पाणी ओसरून ऊन पडूं लागलें म्हणजे तडकते. मग एखाद्या रात्रीं खालीं बसते. पंचनामा मात्र बहुधा त्याच्या आधींच होऊन जातो. तलाठी, ज्यास आमच्याकडे अजून पटवारीच म्हणतात, ग्रामसेवकास घेऊन येतो तेव्हां भिंत उभी असते, आणि तो ‘अंशतः’ असें लिहितो. त्यांत लबाडी नसते. त्यास दिसलें तेंच तो लिहितो. परंतु त्या एका शब्दाची किंमत पाहा. केंद्र सरकारच्या २०१५ पासूनच्या मानकांप्रमाणें सपाट प्रदेशांतील पूर्ण पडलेल्या घरास ९५,१०० रुपये, व अंशतः पडलेल्या कच्च्या घरास ३,२०० रुपये ठरले होते. २०२२ ते २०२६ या वर्षांसाठीं हेच आंकडे १,२०,००० आणि ४,००० असे झाले. राज्य सरकार प्रसंगीं आपल्या तिजोरींतून यांत भर घालतें हें खरें, तरी मधली दरी बुजत नाहीं. कपडे व भांडीं यांच्या मदतीस तर अशी अट होती कीं, घर वाहून गेलें किंवा पूर्ण पडलें नसेल तर तें दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखालीं असलें पाहिजे. मातीस विरघळावयास एक रात्र पुरते.

अशा वेळीं आमच्या लोकांच्या तोंडून दोन प्रकारचीं उत्तरें ऐकूं येतात. कांहीं भाविक जन म्हणतात, पूर देवाच्या हातचा, सरकार जें देईल त्यांत समाधान मानावें, कुरकुर करणें ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाहीं. दुसरे म्हणतात, सरकार मायबाप आहे, सगळें त्यानेंच करावें. हीं दोन्हीं उत्तरें एकमेकांच्या उलट दिसलीं तरी त्यांचें मूळ एकच आहे असें आम्हांस वाटतें. दोहोंतहि सरकार वर बसलेलें व रयत खालीं हात पसरलेली आहे. एक जण मिळेल तेवढ्यावर गप्प बसतो व दुसरा आणखी मागतो, इतकाच काय तो भेद.

मोशाच्या नियमशास्त्रांत एक लहानशी गोष्ट आहे, तिजकडे आम्हीं उपदेशांत फारसें लक्ष दिलेलें नाहीं. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत असें ठरविलें आहे कीं, कोणी खाच खणून ती उघडी टाकिली आणि शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव तींत पडून मेला, तर खाचेच्या धन्यानें त्याची भरपाई करावी. त्याच्या मनांत द्वेष होता कीं नव्हता याची चौकशी तेथें नाहीं. खाच त्याची, म्हणून भरपाई त्यानें करावयाची. त्या भरपाईस तेथें दया म्हटलेलें नाहीं, आणि बैलाच्या मालकानें खाच खणणाऱ्याचे उपकार मानावे असेंहि कोठें सांगितलेलें नाहीं.

धरणाचीं दारें ज्याच्या हातीं आहेत त्यास हा न्याय लागू पडतो कीं नाहीं? आम्हांस कोणावर अन्याय करावयाचा नाहीं. भरलेल्या धरणाचीं दारें उघडणें हें पाप नव्हे. तीं न उघडणेंच कित्येकदां पाप ठरेल. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुणें शहराचें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. शिवाय वैनगंगेचें वरचें धरण एका राज्यांत व बुडणारीं गांवें दुसऱ्यांत, त्यामुळें खाच नक्की कोणाची हें सांगणें कठीण पडतें. परंतु हा वाद दोन सरकारांनीं आपसांत करावा. बुडालेल्या मनुष्यानें भोपाळास जावें कीं मुंबईस, हें त्याच्यावर टाकणें योग्य नव्हे. ज्यानें नदीवर सत्ता घेतली, तिचें पाणी अडविलें, वांटलें व त्याची पट्टी वसूल केली, त्यानें वेळेवर सूचना देण्याचें आणि सूचना देऊनहि जें बुडालें तें भरून देण्याचें ओझें सत्तेबरोबरच उचललेलें आहे.

कोणी विचारील, जेथें कोणीं दार उघडलें नाहीं, नुसती ढगफुटी झाली, तेथें काय? तेथेंहि आमचें उत्तर बदलत नाहीं, मात्र कारण बदलतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या बाजूस धरणीकंप झाला, तो कोणा अधिकाऱ्यानें घडविला नव्हता. तरी सरकारानें जागतिक बँकेचें कर्ज काढून ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. तें कर्ज सर्व रयतेच्या नांवावर काढिलें होतें. कराचा अर्थच हा कीं जें एकट्यास झेपत नाहीं तें सर्वांनीं मिळून झेलावें. नदीकांठची मोलकरीणसुद्धां काड्यापेटीवर व साबणावर कर भरिते. तिच्या नांवची पावती नसते, पण पैसा गेलेला असतो. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावरून कर द्या असें आम्ही मंडळीस वर्षानुवर्षें सांगत आलों. त्याच अध्यायांत अधिकाऱ्यास लोकांच्या हितासाठीं नेमलेला देवाचा सेवक म्हटलें आहे, तें मात्र आम्ही हळू आवाजांत वाचीत आलों.

देशाचा कायदाहि आतां येथवर आला आहे. आपत्ति व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याच्या बाराव्या कलमांत जीवितहानीबरोबर घरांच्या नुकसानीसाठींहि साहाय्याचीं किमान मानकें ठरविण्यास सांगितलें आहे, आणि तेथेंहि अनुग्रहाचाच शब्द योजिलेला आहे. परंतु ३० जून २०२१ रोजीं महामारींतील मृतांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हें कलम बंधनकारक आहे, त्याप्रमाणें करणें न करणें अधिकाऱ्यांच्या मर्जीवर नाहीं. जें केलेंच पाहिजे त्यास अनुग्रह म्हणणें, ही भाषेची जुनी संवय झाली.

देणें आहे असें एकदां मानिलें म्हणजे खरी कठीण बाब समोर येते. देणें किती, आणि कोणाचें? किल्लारीच्या वेळीं जीं घरें बांधून दिलीं त्यांचें माप जमिनीवर ठरलें होतें. भूमिहीनास व अल्प जमिनीच्या धन्यास २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यास ४००, आणि मोठ्या जमीनदारास ७५०. हें वाचून आम्ही प्रथम संतापलों. धरणीनें सर्वांस एकाच रात्रींत सारखें केलें होतें, आणि सरकारानें पुनः मोजपट्टी घेऊन त्यांस वेगळें केलें. पुढें विचार करितां मोठ्या शेतकऱ्याचेंहि म्हणणें ऐकावें असें वाटलें. त्यास बैल आहेत, अवजारें आहेत, धान्य सांठवावयाचें आहे. २५० फुटांत त्याचा संसार मावणार नाहीं. तरी आमचें मत असें कीं, सर्वांच्या पैशांतून जें द्यावयाचें तें गरजेच्या मापानें द्यावें, गेलेल्या वैभवाच्या मापानें नव्हे. भूमिहीनाच्या घरींहि सहा माणसें निजतात.

ज्याच्याजवळ कागदच नाहीं त्याची स्थिति याहून वाईट. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर ज्याचें नांव, त्याचें घर पडलें असें धरितात. भावाच्या पडवींत राहणारी विधवा, दुसऱ्याच्या जागेंत झोंपडी घातलेला मजूर, नदीच्या अगदीं कांठास राहून मासे धरणारा ढीवर, यांचीं घरें पाण्यांत विरघळतात. पण कागदावर तीं कधीं उभींच नव्हतीं, म्हणून पडलीं असेंहि कोणी लिहीत नाहीं. पुराच्या मदतींत जात विचारीत नाहींत हें चांगलें आहे. मात्र त्यानंतर पक्क्या घरासाठीं रमाई आवास योजनेकडे जावें तर ती अनुसूचित जाति व नवबौद्ध यांच्यासाठीं आहे, आणि १९५० च्या आदेशान्वयें ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातींत गणला जात नाहीं. एकाच वस्तींतल्या दोन पडलेल्या घरांपैकीं एकाच्या धन्यानें बाप्तिस्मा घेतला होता, एवढ्यावरून भेद होतो.

जागेचाहि प्रश्न आहे. पूररेषेच्या आंत पुनः घर बांधूं देणें म्हणजे पुढच्या पुरासाठीं घर बांधणें, असें अधिकारी म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. १९९१ च्या पुरांत २०४ माणसें गमावल्यावर नागपूर जिल्ह्यांतील मोवाड नव्या जागीं वसवावें लागलें. परंतु ढीवरास नदीपासून दोन कोस दूर पक्कें घर दिलें तर तो तेथें रात्रींचा निजेल आणि खाईल काय? ज्याचें घर त्यास विचारल्यावांचून जागा ठरवूं नये, एवढेंच आम्ही म्हणतों.

आतां मंडळीनें काय करावें? नहेम्याचा ग्रंथ आम्हांस येथें उपयोगीं पडतो. त्यानें अर्तहशश्त राजाजवळ पत्र मागितलें, तें राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नांवें, लांकूड मिळावें म्हणून. त्या लांकडांत वेशींचा, कोटाचा आणि त्याच्या स्वतःच्या घराचाहि वांटा होता. देवावरील त्याच्या भरवशास त्या मागणीनें बाध आला नाहीं. आणि लांकूड मिळाल्यावर लोक हात बांधून बसले नाहींत. तिसऱ्या अध्यायाची यादी वाचा, कित्येकांनीं आपापल्या घरासमोरचा कोट स्वतः बांधिला. राजाचें लांकूड आणि शेजाऱ्यांचे हात, यांपैकीं एक आलें म्हणून दुसरें माघारीं धाडिलें असें तेथें झालें नाहीं. क्लौद्याच्या काळच्या दुष्काळांत अंत्युखियाच्या शिष्यांनीं यहूदीयांतल्या बंधूंस मदत पाठविली, तीहि कैसराच्या कोठाराची वाट न पाहतां. म्हणून मंडळीनें ताडपत्री, तांदूळ व श्रम द्यावे, आपल्याच लोकांस नव्हे तर साऱ्या वस्तीस द्यावे. पण मिशनानें दिलें आहे, आतां सरकाराचें काम उरलें नाहीं, असें म्हणण्यास कोणास जागा देऊं नये. आम्हांस लाज वाटते कीं, आमच्यांतील कित्येकांनीं कृतज्ञतेच्या भरांत अशी जागा पूर्वीं दिली आहे.

अर्ज करणें हें कुरकुर करणें आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं पौलाची फिलिप्पै येथील गोष्ट आठवावी. अधिकाऱ्यांनीं त्यास गुपचूप सोडावयाचें ठरविलें तेव्हां त्यानें नाकारलें, आणि त्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें असें सांगून पाठविलें. तुरुंगांत रात्रीं गीतें गाणारा तो, सकाळीं आपला हक्क सांगण्यास चुकला नाहीं.

तेव्हां पाळकांस व पंचांस आमची विनंति अशी. पावसाळ्यापूर्वींच वस्तींतल्या प्रत्येक घराचा उतारा काढून ठेवावा, व त्यावर पतीबरोबर पत्नीचें नांव लागलें आहे कीं नाहीं तें पाहावें. ज्यांस उतारा नाहीं त्यांच्या घराचें चित्र, वीजेची पावती, शेजाऱ्यांच्या सह्या, जें मिळेल तें गोळा करावें. पंचनाम्याच्या दिवशीं दोन शहाणीं माणसें घरोघर बरोबर फिरवावीं. काय लिहिलें तें वाचून घेतल्यावांचून अंगठा देऊं नये. आणि पंधरा दिवसांनीं भिंत बसली तर त्याच दिवशीं पुनः पंचनाम्यासाठीं अर्ज द्यावा, त्यावर तारीख घालावी, आणि अर्ज पोंचल्याची सही घेऊन यावी.