चूक सांगायला कसे शिकवायचे?

आपल्यापैकी अनेकांच्या घरातील मुली-सुना नर्सिंग करतात. त्यांच्याकडून सुरुवातीलाच घोकून घेतले जाते: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे शिकवणे सोपे. यातले एखादे चुकले तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे, हे शिकवणे अवघड.

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात ७५ वर्षांच्या एका बाईंना स्कॅनपूर्वी मन शांत करणारे 'व्हर्सेड' द्यायचे होते. परिचारिकेने औषधांच्या संगणकीय कपाटावर नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे दाबली. निघाले व्हेक्युरोनियम. त्याने स्नायू लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा. पडद्यावरची सूचना तिने ओलांडली, झाकणावरचा इशाराही नजरेतून सुटला. बाई दुसऱ्या दिवशी वारल्या. चूक कळताच परिचारिकेने ती स्वतःहून सांगितली. इस्पितळाने मात्र ती सरकारी अधिकाऱ्यांना वेळीच कळवली नाही. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने परिचारिकेला दोषी ठरवले. इस्पितळावर फौजदारी खटला झाला नाही.

'खरे बोला' असे आता शिक्षकाने कोणत्या तोंडाने सांगावे?

जीव गेला तर शिक्षा नको का, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हात चुकणे, इशाऱ्याकडे काणाडोळा करणे आणि झालेले लपवणे या तीन गोष्टी आम्हाला एका तराजूत तोलता येत नाहीत. चुकायचे असे कुणी ठरवत नाही, म्हणून पहिलीला शिक्षा देऊन काही साधत नाही. दुसरीचा जाब विचारावाच. पण तिथे सूचना ओलांडणे रोजचेच झाले होते, असे त्या परिचारिकेचे म्हणणे होते, तेही ऐकावे. तिसरीला मात्र सबब नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, सुईणी आणि फार्मासिस्ट अशा सर्व विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. चुकांपासून शिकणे हा तिच्यात स्वतंत्र विषय आहे. चांगलेच झाले. पण 'सर, हे दुसऱ्या पेशंटचे इंजेक्शन आहे,' असे म्हणणाऱ्या विद्यार्थिनीवर डॉक्टरसाहेब खेकसले, की तिचा खरा धडा तोच! आणि आपण नातेवाईक? काही बिघडले की आधी कॉलर धरायला धावतो.

नॅशव्हिलच्या परिचारिकेला मे २०२२ मध्ये तीन वर्षांचे प्रोबेशन मिळाले. शेजारच्या केंटकी राज्याने २०२४ मध्ये कायदा करून उपचारातील अशा चुका फौजदारी खटल्यातून वगळल्या. घोर निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून केलेली इजा यांना सूट नाही.