उंबरठ्यापासून आभाळापर्यंत

पेठला जिथं असाल तिथंच स्वस्थ बसा. डोळे मिटायची गरज नाही. मनानं सावळघाट चढा, रामशेज मागं टाका, पंचवटीत उतरा आणि गोदावरीवरचा अहिल्याबाई होळकर पूल ओलांडा. पुलाच्या टोकाशी काळ्या दगडाचं सुंदरनारायण मंदिर आहे. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते १७५६ साली बांधलं. आज ते राज्य संरक्षित स्मारक आहे.

लगेच आत जाऊ नका. बाहेरूनच एका दगडावर नजर ठेवा. पावसानं त्याची कड झिजली आहे. असे झिजलेले दगड उतरवून नवे घडवून बसवायचं काम पुरातत्त्व खात्यानं अलीकडच्या काळात हाती घेतलं. जुन्या बांधकामाला चुनाच लागतो. पूर्वी त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालत. सिमेंट लवकर घट्ट होतं, पण दगडातली ओल कोंडून ठेवतं. चुना ती बाहेर जाऊ देतो. म्हणजे ही भिंत श्वास घेते. तुम्हीही घ्या, सावकाश.

आता दाराशी या. मंदिर पूर्वाभिमुख आहे. २१ मार्चच्या सुमारास सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि त्याची किरणं मंडप पार करून थेट मूर्तीच्या पायांशी पोचतात. मधे विष्णू, दोन्ही बाजूंना लक्ष्मी आणि वृंदा. कारागिरांनी दगड तर रचलेच, पण दारांच्या ओळीतून प्रकाशाची वाटही आखली. मला या मंदिरातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते.

इथं थांबा. मूर्तीकडे पाठ करा आणि ती वाट उलटी चाला: गाभारा, मंडप, उंबरठा, रस्ता, नदी, पलीकडचं आभाळ. हे आभाळ कुणाच्या मालकीचं? समोर उंच इमारत उभी राहिली, तर मंदिराचा एक दगडही न हलता ते किरण हरवेल. १९६० चा राज्याचा स्मारक कायदा वास्तू जपतो. फ्रान्समध्ये १९१३ च्या कायद्यानं वास्तू जपल्या, आणि १९४३ साली त्यांच्याभोवतीचं ५०० मीटरचं आवारही नजरेखाली घेतलं. गावच्या चौकातली जुनी वास्तू दिसत राहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. वास्तू वाचवायची तर तिच्यासमोरची मोकळी जागाही वाचवावी लागते, आणि त्या जागेवर फलक, टपऱ्या, वाहनतळ, सगळ्यांचाच डोळा असतो.

आता पेठला परत या. तुमच्या गावातली सर्वांत जुनी वास्तू आठवा. देऊळ, वाडा, चावडी, काहीही. ती किती लांबून दिसते? लहानपणी कुठून दिसायची? मधे काय काय उभं राहिलं, ते एकेक करून आठवा. घाई करू नका. मग उठा, आणि जिथून ती अजून पूर्ण दिसते, ती जागा शोधून काढा.