गुळव्याची मूठ

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी गुऱ्हाळावर एक म्हातारा गुळव्या येत असे. काहिलीतला पाक नेमका केव्हा उतरवायचा, हे त्याच्याइतके कुणाला कळत नसे. पाण्यात थेंब टाकून तो दोन बोटांत चोळी आणि म्हणे, "उतरवा!" एकदा मी त्याला त्यातले मर्म विचारले. तो हसला. "गुरुजी, ह्ये सांगितलं तर उद्या मला कोन बोलवील?"

पुढे तो वारला. त्या हंगामात आमच्या ढेपा घट्ट झाल्याच नाहीत.

त्याला कंजूष म्हणावे काय? पूर्वी मी चटकन होकार दिला असता. मास्तराचा धंदाच वाटण्याचा! पण विद्या वाटून माझा पगार काही घटत नाही. त्याची रोजी मात्र त्या दोन बोटांवर होती.

हल्ली कारखान्यांतून जाणत्या कामगाराला सांगतात, "तुम्हांला ठाऊक आहे ते संगणकात भरा, सर्वांच्या उपयोगी पडेल." हेतू चांगला आणि जुनाही. आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली, तीही कारखान्याची वार्ता चार लोकांपर्यंत नेण्यासाठीच. पण भरणाऱ्याच्या मनात गुळव्याचाच प्रश्न असतो.

१९९८ साली वारणानगरच्या परिसरातील, कोल्हापूर नि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. शेतीचे ज्ञान, बाजारभाव, सारे गावात मिळावे, असा मनसुबा होता. शेतकरी तिथे येई तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि हिशेब पाहायला. पुढे काही गावांत हेच काम मोबाइलच्या संदेशांवर करून पाहिले. कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या ज्ञानातून त्याने एवढेच घेतले! मला मात्र त्याचे कौतुक वाटते. इतर शहाणपण मागाहून. आधी माझा हिशेब माझ्यापुढे उघडा ठेवा, असेच तो जणू म्हणत होता. ज्याचा हिशेब उघडा, त्याच्यापुढे माणूस आपली मूठही उघडतो.

आम्ही गुळव्याला कधी म्हटले का, "पोरांना शिकवा, तुमची हंगामाची मजुरी कायम राहील"? नाही. आम्ही फक्त मर्म विचारले.

पणतीने पणती लावली तरी पहिलीचा उजेड उणा होत नाही, असे आपण दर दिवाळीला म्हणतो. ते खरेच आहे. पण जळते ते तेल. आम्ही त्या म्हाताऱ्याकडे उजेड मागत राहिलो. तेल घालायचे तेवढे विसरलो.