विसावा नसलेली वाट

माउलीहो, गेल्या आषाढीच्या वारींत एका मुक्कामीं कीर्तनाला उभा होतों. पुढें कॉलेजांत शिकणारा एक मुलगा टाळ घेऊन होता. हात गोड, पण चाल संपून निरूपण सुरू झालें, कीं त्याचा हात खिशाकडे जाई आणि मोबाईलच्या उजेडांत तोंड उजळे. नंतर जवळ बसवून विचारलें, तेव्हां मान खालीं घालून म्हणाला, "महाराज, कंटाळा आला असें नव्हे. हात आपोआप जातो." त्या 'आपोआप'नें मला रात्रभर झोप लागूं दिली नाहीं.

मन चंचल आहे ही तक्रार आजची नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुनानेंच ती केली, आणि त्याच्या हातांत कांहीं मोबाईल नव्हता! भगवंतांनीं अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. पतंजलींनींहि तेच सांगितले. मग नवें काय घडलें? पूर्वीं मन आपलें आपण धांवे. आज त्याला धांवडविणारे कारागीर झाले आहेत.

अझा रास्किन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें २००६ सालीं एक युक्ति काढली. तोंवर इंटरनेटच्या पानाला तळ असे. पुढचें हवें तर बटण दाबावें लागे. त्यानें तळच काढून टाकला. बोट सरकवीत राहा, नवें येतच राहतें. पुढें त्यानें स्वतःच याबद्दल जाहीर खेद केला. आजच्या रील्स त्याच वाटेवरच्या. बोट कशावर थबकलें याची नोंद होते आणि तसलेंच पुढें वाढलें जातें.

उलट उपनिषदांनीं श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम घालून दिला. मननाला मोकळी जागा लागते. पालखीचा विसावा केवळ पाय दुखतात म्हणून नसतो. कीर्तनकार प्रमाण देतो, टाळकरी चाल उचलतात, तेवढ्या अवधींत श्रोत्याच्या अंतरांत अर्थ मुरतो. मोबाईलनें श्रवण अफाट वाढविलें, पण मधला विसावा नेला. मग पोरांना माहिती पुष्कळ. पण 'तुला काय वाटतें रे?' म्हटलें, कीं उत्तर दुसऱ्याचेंच!

कोणी म्हणेल, 'महाराज, त्यांत ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे, तुमचें कीर्तनसुद्धां आहे.' खरें आहे. पण एका ओवीचा संदर्भ पाहायला मीच तें यंत्र उघडलें आणि तासभर भलतेंच पाहत बसलों. लहानपणापासून पाठांतरांत वाढलेल्या म्हाताऱ्याची ही गत, तर लेकरांना कोणत्या तोंडानें रागवावें?

म्हणून यंत्र फेका असें मी म्हणत नाहीं. मन हललेंच नाहीं ही सिद्धांची गोष्ट. हललेलें मन परत आणणें, हा आपला अभ्यास. नामांत रोज नवें कांहीं नसतें, म्हणूनच तें या रोगावर औषध आहे. हरिपाठाच्या वेळीं घरांतले सगळे मोबाईल कोनाड्यांत ठेवा. आधीं आपला, मग पोराचा.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलानें आपण होऊन मोबाईल माझ्यापाशीं ठेवायला दिला. निरूपण चालू असतां दोनदा त्याचा हात खिशाकडे गेला, रिकामा परतला आणि टाळावर येऊन थांबला. माउलीहो, त्या दिवशींचें खरें कीर्तन त्या परतलेल्या हातानें केलें.

रामकृष्णहरि!