कामगाराची गरज : मेहरबानी, मतलब की हक्क?

‘हल्ली माणसे मन लावून काम करीत नाहीत’ ही तक्रार औरंगपुऱ्यातील दुकानांपासून वाळूजच्या कारखान्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. तक्रार करणाऱ्यांत आपलेही बांधव आहेत. आपल्या समाजात मजुरी करणारे जसे पुष्कळ आहेत, तसेच गॅरेज, बेकरी, शिलाई, फर्निचर अशा व्यवसायांत चार-दोन माणसे कामाला ठेवणारेही पुष्कळ आहेत. म्हणून या तक्रारीच्या मुळाशी जाणे आवश्यक आहे. काम करणाऱ्याच्या मानवी गरजा भागविणे हे मालकाचे कर्तव्य आहे काय? असल्यास ते कशासाठी? ती मेहरबानी आहे, स्वतःच्या फायद्याचा हिशेब आहे, की कामगाराचा हक्क आहे?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये असे मांडले की, माणसाच्या गरजांना एक क्रम असतो. प्रथम अन्न व विश्रांती, नंतर सुरक्षितता, मग आपुलकी, सन्मान आणि अखेरीस स्वतःच्या क्षमतेचा पूर्ण विकास. खालची गरज अपुरी राहिली, तर मन वरच्या ध्येयाकडे सहसा वळत नाही. आजचे व्यवस्थापनशास्त्र हा विचार विद्यार्थ्यांना आवर्जून शिकविते.

दिव्य कुरआनच्या वाचकाला या विचाराचा आरंभ अपरिचित नाही. सूरह कुरैश आपण नमाजमध्ये नेहमी पठण करतो. काबागृहाच्या पालनकर्त्याची उपासना करा, असे कुरैशांना सांगताना अल्लाह दोन देणग्यांची आठवण देतो : त्याने त्यांना भुकेत अन्न दिले आणि भयापासून सुरक्षित केले (१०६ : ३-४). अल्लाह निरपेक्ष आहे. त्याला कुणाच्या उपासनेची गरज नाही. तरीही तो कर्तव्याची हाक देताना भूक आणि भय दूर केल्याचे सांगतो. मग ज्याचा व्यवसायच दुसऱ्याच्या श्रमावर उभा आहे, त्याने उपाशी आणि धास्तावलेल्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

श्रमिकाच्या गरजा नेमक्या कोणत्या, याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. औरंगपुऱ्यात महात्मा फुले यांचा पुतळा आहे. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मागील पगार आणि जखमी झाल्यास बरे होईपर्यंत वेतन, अशा मागण्या होत्या. यांत पगारवाढीची मागणी नव्हती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ते कामगार श्वास घेण्यास उसंत, वेळेवर पैसा आणि संकटात आधार मागत होते. रविवारची सुटी मान्य होण्यास १० जून १८९० उजाडावा लागला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्यवस्थापनशास्त्र म्हणते, गरजा भागवा, उत्पादन वाढेल. हे बहुधा खरे ठरते. परंतु गरज भागविण्याचे कारण केवळ फायदा हेच असेल, तर फायदा संपताच कर्तव्यही संपते. ज्याचे हात थकले, ज्याची दृष्टी मंदावली, त्याचे काय? जेथे एका जागेसाठी दहा माणसे उभी असतात, तेथे कामगाराला खूश ठेवण्याची मालकाला गरजच उरत नाही. अशा वेळी फायद्याचा युक्तिवाद पांगळा होतो, आणि कामगाराला नेमकी तेव्हाच आधाराची अधिक निकड असते.

मेहरबानीची भूमिकाही अपुरी आहे. वर्षभर पगार लांबवायचा आणि रमजानमध्ये जकातीच्या पैशातून नोकराच्या हाती काही रक्कम ठेवून समाधान मानायचे, असे काही ठिकाणी घडते. नोकर पात्र असेल तर त्याला जकात देता येते. परंतु मजुरीच्या बदल्यात दिलेली रक्कम जकात ठरत नाही. जे देणेच आहे, त्याला दान म्हणता येत नाही.

इस्लामची भूमिका तिसरी आहे. ज्यांना अल्लाहने तुमच्या हाताखाली ठेवले, ते तुमचे बंधू आहेत, स्वतः खाता ते त्यांना खाऊ घाला, स्वतः नेसता ते त्यांना द्या, झेपणार नाही असे ओझे टाकू नका आणि टाकलेच तर हात लावा, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याचा आदेश सर्वश्रुत आहे. पुरेपूर काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह फिर्यादी असेल, असे सहीह बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. म्हणजे हा हक्क आहे आणि त्याचा जाब द्यावा लागणार आहे.

हजरत उमर (र.) यांच्यासमोर एक प्रकरण आले. हातिब यांच्या घरच्या गुलामांनी मुजैना कबिल्यातील एकाची उंटीण चोरून कापली होती. मालक यांना उपाशी ठेवतो, हे लक्षात येताच हजरत उमर (र.) यांनी मालकालाच जबाबदार धरले आणि चारशे दिरहमच्या उंटिणीपोटी त्याच्याकडून आठशे दिरहम देवविले. चोरीचे मूळ त्यांनी मालकाच्या घरात शोधले.

हा प्रश्न कारखान्यापुरता नाही. आपल्या मस्जिदीत पाच वेळा अजान देणाऱ्या मुअज्जिनला काय मिळते, तो आजारी पडला तर त्याच्या घरी चूल पेटते का, हे किती कमिट्या विचारतात? दीनची सेवा मोबदल्यासाठी नसते, हे खरे. परंतु त्यामुळे सेवकाच्या मुलांची भूक नाहीशी होत नाही. खलीफा झाल्यानंतर हजरत अबू बकर (र.) खांद्यावर कापड घेऊन बाजाराकडे निघाले, तेव्हा सहाबांनी त्यांना थांबविले आणि कुटुंबाच्या गरजेपुरता तनखा ठरवून दिला. त्यांच्या इखलासबद्दल कुणाला शंका नव्हती. प्रपंचाच्या चिंतेतून मोकळे मन उम्मतच्या कामाला लागावे, हाच त्यामागील विचार होता.

कामगारावरही जबाबदारी आहे. वेळ आणि माल ही त्याच्याजवळची अमानत आहे. सूरह कसस (२६-२७) मध्ये मदयनच्या वृद्ध गृहस्थाची कन्या कामावर ठेवण्यायोग्य माणसाचे दोन गुण सांगते : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. लगेच पुढच्या आयतीत तो गृहस्थ हजरत मूसा (अ.) यांना करार सांगतो आणि तुमच्यावर कष्ट लादण्याची माझी इच्छा नाही, असे आश्वासन देतो. विश्वासूपणाची अपेक्षा आणि कष्ट न लादण्याचे वचन कुरआनने शेजारी शेजारी ठेवले आहे. हजरत मूसा (अ.) यांनी ठरलेली मुदत पूर्ण केली.

म्हणून ‘माणसे मन लावत नाहीत’ असे म्हणण्यापूर्वी प्रत्येक मालकाने, प्रत्येक गृहिणीने आणि प्रत्येक मस्जिद कमिटीने स्वतःला विचारावे : माझ्याकडे काम करणाऱ्याचे काही देणे माझ्याकडे थकले आहे काय? त्याला जेवणाची, विश्रांतीची, नमाजची उसंत मिळते काय? चारचौघांत मी त्याचा अपमान करतो काय? उत्तर लाजिरवाणे असेल, तर ते देणे आजच फेडावे. येथे फेडले नाही, तर ते आखिरतमध्ये सत्कर्मांनी फेडावे लागेल. अल्लाह आपणा सर्वांना हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.